इलिडनला आपणच मारलं होतं

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये २००७ साली ब्लॅक टेंपलच्या गच्चीवर पंचवीस-पंचवीस जणांच्या टोळ्यांनी जाऊन इलिडन स्टॉर्मरेज या व्हिलनला मारलं. अशा टोळीने मिळून केलेल्या लढाईला रेड म्हणतात. कुणी मार झेलणारा टँक, कुणी बरं करणारा हीलर, कुणी मागून बाण मारणारं. त्याची ती हिरवट जळणारी दोन हत्यारं, वॉरग्लेव्ह्ज, कुणाला मिळाली तर गिल्डमध्ये, म्हणजे आपल्या खेळणाऱ्यांच्या गटात, आठवडाभर तोच विषय. आणि मग २०१६ मध्ये त्याच कंपनीने, म्हणजे ब्लिझार्डने, लीजन नावाचं एक्सपान्शन, म्हणजे गेमचा पुढचा भाग, काढून आपल्याला सांगितलं की अरे, तो माणूस तर जग वाचवायला निघाला होता आणि तुम्ही मध्येच जाऊन त्याला मारलंत.

व्हिलनचा हिरो करणं हा विषय निघाला की बोलणं नेहमी एकाच वळणावर जातं. एक बाजू म्हणते वा, किती खोली आली कॅरेक्टरला, आणि दुसरी म्हणते हे सगळं रेटकॉन आहे, म्हणजे जुनी कथा मागे जाऊन बदलणं, पैसे मिळवायला जुनी लोकप्रिय माणसं परत आणतात. दोन्ही खरं आहे. पण मला या सगळ्यात जे वेगळं वाटतं ते कुणी फारसं बोलत नाही. ते असं की गेममध्ये जेव्हा तुम्ही व्हिलनची गोष्ट मागे जाऊन बदलता, तेव्हा तुम्ही फक्त त्याची गोष्ट बदलत नाही, खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताने जे केलंय त्याचा अर्थ बदलता.

आपल्याकडे खलनायकाच्या किंवा हरलेल्याच्या बाजूने गोष्ट सांगणं काही नवीन नाही. कर्णाच्या बाजूने लिहिलेल्या कादंबऱ्या वाचत मराठी घरातल्या किती पिढ्या मोठ्या झाल्या, माझ्याच घरात एक जाडजूड प्रत अशी होती की बाइंडिंग सुटून तिचे दोन भाग झाले होते आणि आम्ही कोण कुठला भाग वाचतंय त्यावरून भांडायचो. त्या वाचताना रडू यायचं, अर्जुनाचा राग यायचा, कृष्णाचाही यायचा. पण कितीही राग आला तरी रथाचं चाक रुतलेल्या कर्णावर बाण आपण सोडलेला नसतो. वाचणारा कायम बाहेर उभा असतो, त्यामुळे बाजू बदलायला त्याला काही किंमत मोजावी लागत नाही. ब्लॅक टेंपलच्या गच्चीवर मात्र बाण आपण सोडला होता.

ज्यांनी हे गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. इलिडन हा नाइट एल्फ, मॅल्फ्युरियनचा जुळा भाऊ. दोघांचाही टिरँडेवर जीव, आणि तिने निवडलं मॅल्फ्युरियनला. राक्षसांची फौज, म्हणजे बर्निंग लीजन, जेव्हा पहिल्यांदा जगावर चालून आली तेव्हा इलिडन त्यांच्यात गेला, त्यांचा मुख्य सार्गेरास याने त्याचे डोळे जाळून टाकले आणि त्या जागी जादू दिसणारी दृष्टी दिली. तो लीजनला मिळाला होता की आतून फोडायला गेला होता, हा वाद तेव्हापासून चालू आहे. युद्ध संपल्यावर, ज्या जादूच्या विहिरीमुळे लीजन आलं ती नष्ट झाली होती, पण याने तिचं पाणी कुप्यांमध्ये लपवून ठेवलं होतं आणि ते एका तळ्यात ओतून दुसरी विहीर तयार केली. त्यासाठी भावाने त्याला जमिनीखाली कोंडलं, दहा हजार वर्षं. त्याचं नावच पडलं विश्वासघातकी.

आता यात खेळणारा कुठे येतो ते बघा, कारण मला वाटतं सगळी गंमत इथे आहे. त्याच कंपनीच्या आधीच्या गेममध्ये, २००२ च्या वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये, इलिडनला त्या तुरुंगातून बाहेर कोण काढतं? टिरँडे. पण टिरँडेला चालवत कोण असतं? आपण. मॅल्फ्युरियन नको म्हणत असतो, आणि आपण टिरँडेला घेऊन तळघरात उतरतो आणि तिच्याच लोकांच्या पहारेकऱ्यांना मारत मारत त्या कोठडीपर्यंत जातो. ते पहारेकरी वाईट नव्हते. आपलं काम करत होते बिचारे, हजारो वर्षं. दादाच्या असेंबल केलेल्या पीसीवर ते मिशन खेळताना मला पहिल्यांदा गेममध्ये कुणाला मारायला नको वाटलं होतं, आणि तरी मारलं, कारण पुढे जायचा दुसरा रस्ताच नव्हता. त्यानंतर पुढच्याच मिशनला आपण इलिडन असतो. गुलदान नावाच्या मेलेल्या ऑर्क जादूगाराची कवटी सापडते, तिच्यातली शक्ती तो पिऊन टाकतो, शिंगं येतात, पंख येतात, लीजनचा सरदार टायकॉन्ड्रियस याला तो मारतो, जंगल वाचतं, आणि भाऊ येऊन म्हणतो चालता हो इथून. तुझं काम झालं पण तुझं रूप मला बघवत नाही, असाच काहीसा सूर.

पुढच्या वर्षी त्याच गेमचं एक्सपान्शन, फ्रोझन थ्रोन, आलं त्यात तर खेळणाऱ्याला चारही बाजूंनी फिरवलंय. पहिल्या कॅम्पेनमध्ये आपण मायेव्ह, त्याची जेलर, आणि आपलं काम त्याला पकडणं. त्या पाठलागात मायेव्ह हळूहळू कशी बिघडत जाते ते आपण आतून बघतो. आपल्या माणसांना मागे सोडते, आणि टिरँडे नदीत वाहून गेल्यावर मॅल्फ्युरियनला सरळ खोटं सांगते की ती मेली, कारण तिला इलिडनची शिकार मध्येच थांबवायची नसते. आणि टिरँडेला वाचवायला जातो कोण, तर तोच पळून चाललेला गुन्हेगार. दुसऱ्या कॅम्पेनमध्ये आपण केल्थस, इलिडनला जाऊन मिळणारा एल्फ राजपुत्र. तिथे एक मिशन आहे, मायेव्हने इलिडनला शेवटी पकडलेलं असतं, चाकाच्या पिंजऱ्यात घालून नेत असते, आणि आपण तो पिंजरा तिच्याकडून हिसकावून आपल्या तळापर्यंत आणायचा. ती परत हिसकावते, आपण परत. ज्या माणसाला पकडायला आपण अख्खं कॅम्पेन घालवलं त्यालाच आता आपण सोडवतोय, आणि दोन्ही वेळा तितक्याच मनापासून. तिसऱ्यात आपण आर्थस, मेलेल्यांच्या फौजेचा सेनापती. आइसक्राऊन या बर्फातल्या ठाण्याच्या भोवती चार ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी खांब, आहेत, ते एकाच वेळी आपल्या ताब्यात ठेवायचे आणि इलिडनच्या फौजेला थोपवायचं. ते झालं की दोघं समोरासमोर येतात आणि इलिडन बर्फात पडतो.

मला आजही वाटतं की त्या दोन वर्षांतलं हे लिखाण नंतरच्या सगळ्या हिरो-बिरो प्रकारापेक्षा जास्त प्रामाणिक होतं. कुणीही येऊन सांगत नाही की हा चांगला आहे किंवा हा वाईट आहे. माउस तुमच्या हातात, आज याच्या बाजूने खेळा, उद्या त्याच्या. इलिडनचे दोष लपवलेले नाहीत, हाव आहे, अधीरपणा आहे, आपण भावापेक्षा मोठे आहोत हे दाखवायची खुमखुमी आहे. पण तुम्ही त्याला आतून चालवलंय, त्यामुळे त्याच्याबद्दल मत बनवायला तुम्हाला कुणाच्या भाषणाची गरज पडत नाही.

मग वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं बर्निंग क्रुसेड हे एक्सपान्शन, जानेवारी २००७. ट्रेलरमध्येच तो ओरडतो की तुमची तयारी नाहीये, आणि ते वाक्य इतकं चाललं की आजही रेडमध्ये कुणी पोशन आणायला विसरलं तर त्याला तेच ऐकवतात. पण कथा म्हणून बघितलं तर घाईत उरकलंय. आउटलँड नावाच्या मोडक्या जगाचा वेडा राजा, मार त्याला. का मारायचं? तो तर लीजनपासून लपून बसलेला. लीजनचा सेनापती किलजेडन याने दिलेलं काम, म्हणजे आइसक्राऊनवरचा तो हल्ला, फसलं म्हणून किलजेडन त्याच्या मागे लागलेला, म्हणजे आपल्या शत्रूचाच शत्रू. खेळणाऱ्यांनी हे तेव्हाही विचारलं होतं. गेमकडे उत्तर जवळपास नव्हतं, बॉस हवा होता आणि त्याच्याइतका मोठा बॉस दुसरा नव्हता. मोठं एक्सपान्शन विकायचं तर बॉक्सवर चेहरा लागतो, एवढं साधं ते कारण असावं असं मला वाटतं.

पण एका ठिकाणी उत्तर होतं आणि ते माझ्या मते त्या अख्ख्या एक्सपान्शनमधलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे. अकामा, आउटलँडमधल्या ड्रेनाय लोकांचा एक पुढारी. ब्लॅक टेंपल हे मुळात ब्लॅक टेंपल नव्हतंच, ते काराबोर, ड्रेनाय लोकांचं पवित्र देऊळ. ऑर्क्सनी ते बाटवलं, मग लीजनचा सरदार मॅगथेरिडन तिथे बसला, आणि अकामाने इलिडनला मदत केली या आशेवर की मॅगथेरिडन गेला की देऊळ आपल्याला परत मिळेल. मॅगथेरिडन गेला, आणि इलिडन तिथेच बसला. वरून अकामाच्या आत्म्याचा एक तुकडा काढून त्याला बांधून ठेवलं, म्हणजे हा बंड करू शकणार नाही. त्या रेडमध्ये तो तुकडा, शेड ऑफ अकामा, हा स्वतः एक बॉस आहे. म्हणजे अकामाच्या शेजारी उभं राहून अकामाच्याच आत्म्याशी लढायचं.

आणि तिथपर्यंत पोचायची जी क्वेस्टची साखळी होती तिच्यात अकामा काय काय गमावतो ते बघा. ओलम नावाचा त्याचा म्हातारा द्रष्टा सर्पेंटश्राइन नावाच्या गुहेत आपल्याला भेटतो आणि स्वतःहून जीव देतो, कारण तो जिवंत राहिला तर अकामाचा कट इलिडनपर्यंत पोचेल. उडालो नावाचा दुसरा आर्कट्रॅझ नावाच्या तुरुंगात मेलेला सापडतो. मायेव्हला इलिडनने कैद केलंय आणि तिच्यावर पहारा द्यायला कुणाला ठेवलंय तर अकामालाच. दोघं मिळून कट करतात, जेलर आता कैदी आणि तिचा पहारेकरी स्वतः बांधलेला. शेवटी ब्लॅक टेंपलच्या गच्चीकडे जाणारा दरवाजा येतो, अकामा एकटा तो उघडायला बघतो आणि त्याची शक्ती पुरत नाही, आणि मग उडालो आणि ओलम यांचे आत्मे येतात आणि तिघं मिळून उघडतात. आमच्या गिल्डमध्ये पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा लोक बोलत होते, कुणी जेवायला उठलं होतं, आणि ते दोन आत्मे दिसल्यावर ज्यांनी ती क्वेस्ट केली होती ते सगळे गप्प झाले. बाकीचे विचारत होते काय झालं.

लढाईत मी हीलर. हीलरला त्या लढाईतलं फार काही दिसत नाही, हिरव्या पट्ट्या दिसतात. टँकला इलिडनचा शिअर नावाचा वार बसला की त्याची पट्टी एकदम अर्ध्याहून लहान होते, हत्यारं जमिनीत रुतली की दोन ज्वाळा उभ्या राहतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या दोघांवरून नजर हलवायची नाही, कुणाच्या अंगावर पॅरासाइट आलं तर त्याने पळत बाजूला जायचं, आणि शेवटी मायेव्ह येते, सापळे टाकते, तो सापळ्यात अडकतो. परत पिंजरा. मग तो पडतो, आणि मरताना मायेव्हला म्हणतो की शिकार नसेल तर शिकारी कोण, माझ्याशिवाय तू कुणीच नाहीस. आणि ती कबूल करते. दहा हजार वर्षं ज्याच्यावर पहारा दिला तो मेला आणि तिच्यात काही उरलंच नाही. अकामा मात्र त्याच जागी उभा राहून म्हणतो की या देवळात परत उजेड येईल. या दोन वाक्यांमध्ये मला तरी त्या लढाईचा अर्थ पुरेसा मिळाला होता. आपण तिथे का आलो याचं उत्तर अकामा होता.

त्यामुळे लीजन आलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता की आता अकामाचं काय करणार?

लीजनने पुनर्लेखनाची तयारी नीट केली हे मान्य करायलाच हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये विल्यम किंगची इलिडनवरची कादंबरी आली, त्यात बर्निंग क्रुसेडचा सगळा काळ इलिडनच्या नजरेने. तो वेडा झालेला नव्हता, तो लीजनच्या घरच्या जगावर, आर्गसवर, हल्ला करायची तयारी करत होता. डिमन हंटर, म्हणजे राक्षसांची शक्ती घेऊन राक्षसांशीच लढणारे, तयार करत होता, आणि त्या दीक्षेत बहुतेक जण मरत होते हेही कादंबरी लपवत नाही. आणि मग गेममध्ये डिमन हंटर हा क्लास आला आणि त्याची सुरुवात त्यांनी नेमकी इलिडन मेला त्याच दिवशी नेऊन ठेवली. तुम्ही इलिडनचे शिष्य. तो तुम्हाला मार्डम नावाच्या राक्षसांच्या जगात पाठवतो, एक किल्ली आणायला, ज्याने लीजनच्या कुठल्याही जगाचा दरवाजा उघडतो. तुम्ही जिवावर उदार होऊन ती आणता, परत ब्लॅक टेंपलला येता, आणि तोवर सगळं संपलेलं असतं. इलिडन मेलाय. मायेव्ह उभी आहे. ज्यांनी मारलं ते लूट घेऊन निघून गेलेत.

ते लूट घेऊन गेलेले कोण, तर आम्हीच ना!

इथे मला लेखकांना मनापासून दाद द्यावीशी वाटते. त्यांनी रेटकॉन नुसतं सांगितलं नाही, खेळणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या जुन्या कामासमोर उलट्या बाजूने आणून उभं केलं. पुस्तकात हे होऊच शकत नाही. आणि पुढे एक छोटी गोष्ट त्याहून चांगली आहे. मायेव्ह तुम्हालाही तिच्या पहारेकऱ्यांच्या, वॉर्डन्सच्या, तुरुंगात कोंडते आणि तिथून बाहेर पडताना तुम्हाला विचारतात की कुणाला बरोबर घेणार, केन की अल्ट्रुइस? केन हा इलिडनचा कट्टर माणूस. अल्ट्रुइस हाही त्याचाच शिष्य पण त्याला सोडून गेलेला, कारण त्याला ते सगळं पटेनासं झालं. म्हणजे थेट प्रश्न: तुझ्या गुरूबद्दल तुझं मत काय? पुढच्या कथेवर त्या निवडीचा परिणाम फारसा होत नाही, आणि तेच मला खटकतं, कारण प्रश्न बरोबर विचारला होता. मी अल्ट्रुइसला घेतलं, विचार न करता.

त्यानंतर गाडी घसरते. कारण मग येते झेरा. झेरा ही नारू, प्रकाशाची बनलेली, जवळपास देवच. ती सांगते की इलिडन हा निवडलेला आहे, भविष्यवाणी आहे, जन्मतःच त्याचे डोळे सोनेरी होते. तुम्ही तिच्या सांगण्यावरून त्याच्या आठवणींमध्ये जाता, त्याच्या आयुष्यातले प्रसंग परत खेळता, आणि प्रत्येक प्रसंगानंतर तिचा आवाज येतो की बघ, तो चुकीचा नव्हता, बघ, त्याने किती सोसलं. मला हे खेळताना खरंच राग यायचा. वॉरक्राफ्ट थ्रीमध्ये हीच गोष्ट मी स्वतः खेळून समजून घेतली होती, आता तीच मला कुणीतरी समजावून सांगतंय, आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूने. पहारेकऱ्यांचं नाव नाही. अकामाच्या आत्म्याच्या तुकड्याचं नाव नाही. हिरो करायचं तर इतकं धुऊन काढायचं की डाग तर जातातच, पण माणूसही ओळखू येऊ नये? व्हिलनला हिरो करण्याची सगळ्यात आळशी पद्धत हीच, की वरून कुणीतरी मोठ्याने येऊन शिक्का मारायचा. त्याने काय केलं ते विसरा, तो कोण होता ते बघा. निवडलेला म्हटलं की मग त्याचा हिशोब कुणी मागायचाच नाही.

आणि मग ऑगस्ट २०१७ मध्ये आर्गसचा पॅच आला आणि त्यातला तो कटसीन, म्हणजे खेळाच्या मधली छोटी फिल्म. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा थांबवून मागे नेऊन परत बघितला, कारण मला विश्वासच बसेना की त्यांनी हे केलं. इलिडन जिवंत झालाय, दुसऱ्या समांतर जगातून आलेल्या गुलदानला त्याने मारलंय, आता सगळे जहाजावर जमलेत आणि झेरा त्याला बक्षीस द्यायला उभी आहे. तुझं जुनं आयुष्य संपलं, प्रकाश तुला नवं देईल. तो नको म्हणतो. त्याने शक्तीसाठी आपलं स्वातंत्र्य कधीच दिलंय, आता त्याला फक्त लीजनचा शेवट हवाय. ती ऐकत नाही. भविष्यवाणी आहे ना, पूर्ण व्हायलाच हवी. ती त्याला बांधते, हवेत उचलते, त्याच्या अंगावरच्या खुणा प्रकाशाने पुसायला लागते, तुझ्या जखमा मी भरते म्हणते. आणि तो ओरडतो की माझ्या जखमा म्हणजेच मी आहे, आणि डोळ्यांतून हिरवी आग सोडून तिचे तुकडे करतो.

झेराचा भक्त योद्धा टुराल्यॉन तलवार घेऊन धावतो, इलिडन ती हाताने धरतो, आणि जे बोलतो त्याचा अर्थ असा की श्रद्धेने तू आंधळा झालायस, निवडलेला वगैरे कुणी नसतो, आपल्याला आपणच वाचवायचं असतं.

जी बाई गेले कित्येक महिने त्याची गोष्ट नव्याने लिहीत होती, त्याला स्वच्छ करत होती, तिलाच त्याने फोडलं. लेखकांनी हे आधीपासून ठरवून केलं असो किंवा मधल्या काळात लोकांची कुरकुर ऐकून केलं असो, माझ्यासाठी परिणाम तोच. त्या एका प्रसंगात गेमने स्वतःच्याच पुनर्लेखनाला उत्तर दिलं. इलिडनला माफी नकोय. त्याला चांगला माणूस म्हणून घ्यायचं नाहीये. त्याने केलेलं सगळं, चांगलं आणि भयानक, त्याला स्वतःकडेच ठेवायचंय. माझ्या मते तो हिरो झाला असेल तर इथे झाला, भविष्यवाणीने नाही झाला. आणि नोव्हेंबरात अँटोरस या रेडच्या शेवटी तो परत येत नाही, सार्गेरासवर पहारा द्यायला तिथेच राहतो. दहा हजार वर्षं कोठडीत काढलेला माणूस स्वतः जेलर होतो, ज्याने त्याचे डोळे जाळले त्याचाच. मायेव्हची जागा त्याने घेतली, हे मला फार नंतर सुचलं आणि तेव्हापासून तो शेवट मला जास्तच आवडतो.

याच कंपनीने तीच गोष्ट नंतर सिल्व्हानसबरोबर, म्हणजे तेव्हाच्या होर्डच्या प्रमुखाबरोबर, केली आणि तिथे माझं मन पार विटलं. २०१८ मध्ये बॅटल फॉर अझेरॉथच्या तोंडावर तिने टेलड्रासिल जाळलं, एक अख्खं झाड ज्यावर नाइट एल्फ लोकांचं शहर होतं. गेममध्ये अलायन्स आणि होर्ड अशा दोन बाजू, नाइट एल्फ अलायन्सचे; त्या बाजूने खेळणाऱ्यांना एक क्वेस्ट होती, जळत्या शहरात जाऊन लोकांना बाहेर काढा. घड्याळ चालू, धूर, लोक ओरडतायत, तुम्ही एकेकाला क्लिक करून वाचवताय, आणि आकडा इतका मोठा की सगळ्यांना वाचवणं शक्यच नाही, ती क्वेस्ट लिहिलीच तशी होती. आणि होर्डच्या बाजूने खेळणारे तिथपर्यंत तिच्याबरोबर लढत लढत आलेले, म्हणजे त्यांचेही हात त्यात. असं काही खेळणाऱ्याकडून करून घेतल्यावर पुढच्या एक्सपान्शनमध्ये, शॅडोलँड्समध्ये, काय सांगावं? तर आर्थसच्या फ्रॉस्टमोर्न या तलवारीने तिला मारलं तेव्हा तिच्या आत्म्याचे दोन तुकडे झाले होते, आणि चांगला तुकडा दुसरीकडेच होता. तो परत मिळाला आणि तिला सगळं कळलं. म्हणजे जाळलं ते तिने पूर्णपणे नाहीच! मग आम्ही काय केलं? आमचा कुठला तुकडा कुठे होता? शेवटी टिरँडे तिला शिक्षा देते की जा मॉमध्ये, म्हणजे मेलेल्यांच्या जगातल्या नरकात, आणि अडकलेला एक एक आत्मा शोधून सोडव, आणि ते मला पटलं, कारण निदान निवाडा जिचं शहर जळालं तिच्या हातात दिला. पण आत्म्याच्या तुकड्याने आधीच सगळं पातळ करून टाकलं होतं. त्याच शॅडोलँड्समध्ये होर्डचा जुना प्रमुख गारोश याला मरणोत्तर यातनेतही पश्चात्ताप नाही, तो तसाच संपून जातो, आणि मला तो सिल्व्हानसपेक्षा खरा वाटला.

आता परत इलिडनकडे, कारण एक फार विचित्र गोष्ट झाली. बर्निंग क्रुसेड क्लासिक, म्हणजे तोच जुना गेम परत, निघालं, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यात ब्लॅक टेंपल उघडलं. म्हणजे लीजन खेळून झालेल्या, झेराचा कटसीन बघितलेल्या लोकांनी परत त्याच गच्चीवर जाऊन परत त्यालाच मारायचं. आमच्या गिल्डमध्ये मराठी बोलणारे आम्ही तीन-चारच, युरोपच्या सर्व्हरवर रात्र रात्र जागणारे, आणि डिस्कॉर्डवर आमचा वेगळा चॅनल. त्यातला एक पोरगा, लीजनमध्येच खेळायला लागलेला, त्याच्यासाठी इलिडन कायम हिरोच. दरवाजा उघडल्यावर तो म्हणाला, "अगं ताई, पण याला मारायचं कशाला, याला तर आर्गसला जायचंय." मी त्याला म्हटलं, तू ओलमची क्वेस्ट केलीस का? नव्हती केली. क्लासिकमध्ये ती आहे, पण घाईत बरेच लोक मजकूर न वाचताच पुढे जातात. मी त्याला लढाईच्या आधी दोन मिनिटांत सांगितलं की ते दोन आत्मे कोण आहेत आणि अकामाचं त्या देवळाशी काय नातं आहे. तो थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, "म्हणजे दोघांचंही बरोबर आहे का?"

मी त्याला उत्तर दिलं नाही, लढाई सुरू झाली होती.

पण त्याचा तो प्रश्न हाच मला या सगळ्या पुनर्लेखनाकडून हवाय. इलिडनला आर्गसला जायचं होतं हे खरं असू शकतं आणि त्यासाठी त्याने अकामाचं देऊळ आणि अकामाचा आत्मा दोन्ही वापरून टाकले हेही खरं असू शकतं. पहिलं सांगताना दुसरं पुसावं लागत नाही. व्हिलनच्या मनात शिरून त्याचं कारण समजावून सांगा, जरूर सांगा, मला त्याच्या बाजूने लढायला लावा, पण ज्याने त्याच्यामुळे भोगलं त्याला त्याच खोलीत ठेवा. लीजनच्या मुख्य धाग्यात मायेव्ह निदान रागावलेली तरी आहे, तिच्या रागाला थोडी जागा दिलीय, थोडी कमीच, कधी कधी तिला उगाच हट्टी दाखवलंय. अकामाला ती जागाही हवी तेवढी मिळालेली नाही.

इलिडन मेलेला नाही, सार्गेरासजवळ बसलाय, म्हणजे कधी ना कधी त्याला परत आणणार हे उघड आहे, एवढा लोकप्रिय माणूस कुठली कंपनी सोडेल. आणा. पण आणाल तेव्हा पहिली भेट काराबोरला घडवा, अकामासमोर, त्या गच्चीच्या दरवाजाशी. मध्ये नारू नको, भविष्यवाणी नको, कुणाचा निवेदनाचा आवाज नको. अकामाला हवं ते बोलू द्या, इलिडनला ऐकून घेऊ द्या, आणि केन-अल्ट्रुइससारखी निवड परत एकदा खेळणाऱ्याच्या हातात द्या, या वेळी अशी की पुढचं सगळं तिच्यावर ठरेल.